डोंगर नंबर ५९३

डोंगराला नाव असले, तरी लढाई सुरू झाली की त्याचे नाव जाते आणि नंबर येतो. रोमच्या आग्नेयेस सुमारे १३० किलोमीटरांवर कासिनो नावाचे गाव आहे. गावाच्या डोक्यावर एक डोंगर, डोंगरावर एक मठ, आणि मठाच्या मागे आणखी वर एक बोडका, खडकाळ माथा. त्या माथ्याचे नाव मोन्ते काल्व्हारियो. ख्रिस्ताला जिथे सुळी दिले त्या टेकडीचे हे नाव. पण १९४४ साली लष्करी नकाशावर तो झाला नुसता ५९३, कारण त्याची उंची तितके मीटर भरते. आज त्याच्यावर एक उंच दगडी स्तंभ उभा आहे. खालच्या रस्त्यावरून तो पूजेच्या उदबत्तीएवढा दिसतो.

कोल्हापूरकडच्या माणसाला हा डोंगर समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. जोतिबाच्या वाटेवरून पन्हाळा पाहावा, तसा कासिनोचा डोंगर खालच्या सपाटीतून एकदम उठतो. चढ जवळजवळ तेवढाच. पायथ्याशी नद्या, आणि नेपल्सहून रोमला जाणारा जुना रोमन हमरस्ता. वर बसलेल्याला खालची बैलगाडीसुद्धा दिसावी. आपल्याकडे असता, तर या डोंगराला दोन तट, चार बुरूज आणि एक चोरदिंडी केव्हाच मिळाली असती. इटलीत मात्र तिथे सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट आले आणि त्यांनी मठ बांधला. चौदाशे वर्षे तिथे जप, शेती आणि पोथ्यांची नक्कल चालली. जागा किल्ल्याची आणि वस्ती संन्याशांची, ही या डोंगराची मूळ अडचण.

१९४३ च्या शरदात दोस्त राष्ट्रांच्या फौजा इटलीच्या टाचेकडून वर सरकू लागल्या, तेव्हा जर्मनांनी त्यांना अडवण्यासाठी समुद्रापासून समुद्रापर्यंत एक फळी उभारली. ही गुस्ताव्ह फळी. कासिनो हे तिचे कुलूप. जानेवारी १९४४ पासून १८ मेपर्यंत या कुलपावर चार वेळा घाव पडले. पहिला प्रयत्न अमेरिकनांचा आणि फ्रेंच झेंड्याखाली लढणाऱ्या उत्तर आफ्रिकेतल्या शिपायांचा. दुसरा आणि तिसरा मुख्यतः न्यूझीलंडवाल्यांचा आणि आपल्या हिंदी शिपायांचा. चौथा पोलिश लोकांचा. त्यांच्या जोडीला खाली नदीकाठी इंग्रज आणि पुन्हा आपले.

चौथ्या हिंदी डिव्हिजनचा सेनापती टकर हा मला या साऱ्या कहाणीत सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याचे कारण लष्करी नाही. मठाच्या भिंती किती जाड आहेत हे त्याला वरिष्ठांपैकी कोणी सांगू शकेना. तेव्हा नेपल्सच्या पुस्तकांच्या दुकानांत शोध घेऊन १८७९ साली छापलेले एक पुस्तक मिळवले गेले, आणि त्यातून टकरने भिंतींचा हिशेब काढला. उंची दीडशे फूट, पायाशी रुंदी दहा फूट. साऱ्या दोस्त सैन्याच्या हेरखात्याला जे माहीत नव्हते, ते एका जुन्या पुस्तकात होते! या माणसाचे मत असे, की या डोंगरावर समोरून डोके आपटूच नये, त्याला वळसा घालावा. सह्याद्रीत लढलेल्या कोणत्याही जुन्या सरदाराने हेच सांगितले असते. पण टकर आजारी पडला आणि हुकूम समोरून चढण्याचाच राहिला. चढायचेच असेल तर मठ आधी नीट बाँबने पाडा, असा मग त्याचाच आग्रह होता, हेही सांगितले पाहिजे.

१५ फेब्रुवारी १९४४ रोजी सव्वादोनशेंवर विमानांनी मठ पाडला. आत जर्मन शिपाई नव्हते. होते ते म्हातारे मठाधिपती दिआमारे, थोडे संन्यासी आणि आश्रयाला आलेली गावची बायामाणसे, मुले. त्यांतली पुष्कळ ढिगाऱ्याखाली गेली. दोन दिवसांनी उरलेल्यांना घेऊन, पुढे एक लाकडी क्रूस धरून, ते ऐंशीच्या घरातले मठाधिपती डोंगर उतरले. आणि मग जर्मन छत्रीधारी त्या ढिगाऱ्यात शिरले. उभ्या मठापेक्षा पडका मठ लढायला सोयीचा. आमच्याकडे पडका वाडा पाहिलेल्या पोरालासुद्धा हे कळते. पोथ्या तेवढ्या वाचल्या. त्या आदल्या शरदातच दोन जर्मन अधिकाऱ्यांच्या पुढाकाराने रोमला हलवल्या होत्या. कोणाच्या हातून काय पुण्य घडेल, सांगता येत नाही.

५९३ चा माथा जर्मनांच्या हाती असेपर्यंत मठाकडे जाणे अशक्य होते. बाँबफेकीच्याच रात्री ससेक्स पलटणीची एक कंपनी त्याच्यावर चालून गेली. सारी मिळून ६६ माणसे. त्यांतली ३४ पडली. दुसऱ्या रात्री अख्खी पलटण गेली, तीही परतली. तिसऱ्या रात्री, १७ फेब्रुवारीला, राजपुताना रायफल्सची चौथी पलटण गेली, आणि तिच्या बाजूने गुरखे थेट मठाच्या रोखाने. सकाळी माथा जर्मनांकडेच होता.

त्या रात्रींची कल्पना करणे मला कठीण जाते, कारण तिथे खंदक नव्हते. कुदळ लागेल अशी माती नाही. सगळा चुनखडीचा फत्तर. शिपायांनी धोंडे रचून कमरेएवढे आडोसे केले, त्यांना फौजेत ‘संगर’ म्हणत. हा शब्द हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या पठाणांकडून फौजेत आला. आमच्या पाठ्यपुस्तकातला ‘संगर’ म्हणजे युद्ध. तो संस्कृत, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण वर्गात हा योगायोग सांगण्याचा मोह मला आवरत नाही. अन्न, पाणी, काडतुसे, सारे रात्री खेचरांवरून. ज्या तोफगोळ्याच्या चिखलात नुसत्या ठिकऱ्या उडाल्या असत्या, तो इथे खडकाच्या कपच्या उडवी आणि एकाचे दहा गोळे होत.

मार्चमध्ये पुन्हा तेच. तेव्हा गुरख्यांची एक पलटण मठाच्या अगदी खालच्या एका उंचवट्यावर पोहोचली आणि आठ-नऊ दिवस तिथे चिकटून राहिली. आकाशमार्गाच्या मोडक्या खांबामुळे तो उंचवटा फाशीच्या माचीसारखा दिसे, म्हणून त्याचे नाव पडले फाशीचा डोंगर. त्यांना विमानातून भाकरी टाकत. निम्मी जर्मनांच्या पदरात पडे. शेवटी हुकूम आला आणि ते रात्री उतरून आले.

मग आले पोलिश.

आता मला वळिवड्याकडे वळले पाहिजे, कारण पोलिश म्हटले की आम्हा कोल्हापूरकडच्या माणसांना इटली आठवत नाही, वळिवडे आठवते. १९३९ साली पोलंड देश जर्मनी आणि रशिया यांनी दोन्हीकडून गिळला. १९४० पासून रशियाने आपल्या वाट्याच्या मुलखातली माणसे आगगाड्यांत कोंबून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली. १९४१ साली हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा रशियाने त्यांना सोडले. सुटलेल्या पुरुषांतून जनरल आंदेर्स याने फौज उभारली आणि १९४२ साली ती कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आणली. फौजेच्या मागोमाग हाडांचे सापळे झालेल्या बायका आणि मुले. पुरुष पुढे इराक, पॅलेस्टाईन, इजिप्त असे करीत इटलीत गेले. बायकामुलांना कुठे न्यायचे? काही आफ्रिकेत गेली, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडला. जामनगरच्या जामसाहेबांनी शेकडो मुले बालाचडीला ठेवून घेतली. आणि सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारे, १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या माळावर बराकींत येऊन राहिली. तिथे त्यांच्या शाळा होत्या, देऊळ होते, नाटके होती. १९४८ साली छावणी मोडली आणि त्याच बराकींत फाळणीने हाकललेले सिंधी आले. त्याचेच आजचे गांधीनगर. एका बेघराच्या खोलीत दुसरा बेघर. भिंतींना काय वाटले असेल कोण जाणे.

माझी आजी त्या वेळी वीस-बावीस वर्षांची होती. शेजारच्या वाडीतून डोक्यावर पाटी घेऊन ती छावणीत भाजी विकायला जाई. “लई टापटीप बाया,” ती सांगे. “बराकीम्होरं फुलं लावल्याली. पैशाला घासाघीस न्हाई. ‘दोन, तीन, पावशेर’ येवढं मराठी शिकल्या हुत्या. आमीबी त्यांचं दोनचार सबुद शिकलो, पर आता ध्यानात न्हाईत.” त्यांतली एक बाई आजीकडून नेहमी कोबी घेई. पहिल्यांदा तिने कोबीचा गड्डा छातीशी धरला आणि ती रडली म्हणे. तिच्या देशी कोबीचे पीक पुष्कळ.

१९४४ च्या पावसाळ्यात एकदा ती बाई भाजीला आली नाही. आजी तिच्या दारी गेली. बाई पायरीवर बसली होती, मांडीवर एका तरुण शिपायाची तसबीर. तिने काही सांगितले, ते आजीला कळेना. एकच शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आजीने तो ऐकला, ‘काशीन, काशीन’. आजीला इतकेच समजले, की हिचा मुलगा काशीला वारला. तेव्हा तिने आपल्या परीने समजूत घातली. बाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “रडू नगंस बाई. काशीला मराण आलं, सोनं झालं लेकराचं.” आजी शेवटपर्यंत हेच सांगत असे, आणि तिला एकच कोडे पडे, की गोऱ्यांची लढाई काशीत केव्हा झाली?

मी बरीच मोठी झाल्यावर, नकाशा पाहताना, ते नाव माझ्यापुढे आले. तोवर आजी गेली होती.

११ मेच्या रात्री अकराला दीड हजारांहून अधिक तोफा एकदम सुटल्या. पोलिश तुकड्या त्याच ५९३ वर, ज्यावर फेब्रुवारीत राजपुताना रायफल्स पडली होती, चालून गेल्या. माथा मिळवला, पण टिकला नाही. दुसऱ्या दिवशी उरलेले परत फिरले. १७ मेला पुन्हा चढले. त्याच वेळी खाली आठव्या हिंदी डिव्हिजनने नदी ओलांडली होती. या डिव्हिजनमध्ये आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. १२ मेला याच नदीकाठी कमल राम या एकोणीस वर्षांच्या पंजाब रेजिमेंटच्या शिपायाने व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. बाजूने फ्रेंचांचे पहाडी शिपाई डोंगर ओलांडून पुढे गेले, आणि जर्मनांना वेढले जाण्याची भीती पडली. म्हणजे अखेर टकर म्हणत होता तोच वळसा उपयोगी आला. १८ मेच्या सकाळी पोलिश स्वारांची एक टेहळणी तुकडी मठाच्या ढिगाऱ्यावर चढली. आत थोडे जखमी जर्मन तेवढे उरले होते. ढिगाऱ्यावर निशाण लागले, आणि एका शिपायाने क्राकोव्ह शहराच्या मनोऱ्यावरून दर तासाला वाजते ती तुतारी तिथे वाजवली. या आठवड्याभरात पोलिश मेले नऊशेंहून अधिक, जखमी तीन हजारांच्या घरात.

मुलांना ही हकीगत सांगताना मी इथे अस्वल आणते. या फौजेत वोयटेक नावाचे एक अस्वल होते. इराणात पिल्लू असताना घेतलेले, शिपायांबरोबर वाढलेले. ते तोफखान्याला दारूगोळा पुरवणाऱ्या कंपनीत होते आणि कासिनोला तोफगोळ्यांच्या पेट्या उचलू लागले. कंपनीने पुढे गोळा धरलेले अस्वल हेच आपले चिन्ह केले. युद्धानंतर ते एडिंबरोच्या प्राणिसंग्रहालयात राहिले आणि १९६३ साली वारले. मुलांना तेवढेच आठवते; त्यात त्यांचे काही चुकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात रोमला नोकरीस असलेल्या भाच्याकडे जाण्याचा योग आला, आणि त्याला मी कासिनोला न्यायला लावले. सकाळच्या आगगाडीने दोन तासांत गेलो. मठ आता पुन्हा उभा आहे, होता तिथे आणि होता तसा. १९६४ साली पोपच्या हातून त्याचे पावनकार्य झाले. इतका नवा आणि इतका जुना एकाच वेळी दिसणारा दगड मी दुसरीकडे पाहिला नाही. मठाच्या आणि ५९३ च्या मधल्या खळग्यात पोलिश स्मशान आहे. हजाराच्या वर थडगी पायऱ्यापायऱ्यांनी डोंगरात चढवलेली. कॅथलिकांचे क्रूस, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स पंथीयांचे क्रूस, आणि मध्येच षट्कोनी तारा असलेले ज्यू शिपायांचे दगड. मधोमध आंदेर्स. हा १९७० साली लंडनमध्ये वारला आणि आपल्या माणसांत येऊन निजला. मी तिथली वये वाचत गेले. एकोणीस, बावीस, वीस. कोबीवाल्या बाईच्या मुलाचे नाव आजीला माहीत नव्हते, त्यामुळे मला शोधायला काहीच नव्हते. मी सगळीच वाचली.

“मावशी, वरपर्यंत चढवेल का?” भाच्याने विचारले. जोतिबाच्या पायऱ्या दरवर्षी चढणाऱ्या बाईला असे विचारतात का? वाट खडबडीत, दोन्हीकडे काटेरी झुडपे आणि वाऱ्याने कलंडलेली झाडे. वर स्तंभ आहे. त्याच्यावर लेख कोरला आहे, त्याचा भावार्थ असा, की पोलंडच्या शिपायांनी आमच्या आणि तुमच्या स्वातंत्र्यासाठी आत्मा देवाला दिला, देह इटलीच्या मातीला आणि हृदय पोलंडला.

भाचा मोबाइलवरून मला अर्थ सांगत होता. ऐकताना माझ्या मनात आले, ‘आमच्या’ म्हणजे नेमके कोणाच्या? लढाईच्या आधीच, १९४३ च्या अखेरीस, तेहरानला मोठ्या राष्ट्रांच्या पुढाऱ्यांनी पूर्व पोलंड रशियाकडे ठेवण्याची बोलणी केली होती. चढणाऱ्या शिपायांना ते ठाऊक नव्हते. त्यांतल्या पुष्कळांची घरे त्याच पूर्व पोलंडात होती. १९४५ साली याल्टाला ते पक्के झाले. ज्यांनी डोंगर घेतला त्यांना परतायला गाव उरले नाही. आणि वळिवड्याच्या बायकाही त्यामुळेच इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा पांगल्या. एखाद-दुसरीने तर कोल्हापुरातच संसार मांडला. आणि राजपुताना रायफल्सच्या शिपायाच्या देशाला तर त्या वेळी स्वातंत्र्य नव्हतेच. त्याचे पुढारी तुरुंगात होते. तो कोणाच्या स्वातंत्र्यासाठी त्या फत्तरावर गेला? पगारासाठी, पलटणीच्या नावासाठी, शेजारच्या गड्याच्या डोळ्यांत उतरू नये म्हणून. ही कारणे मला लहान वाटत नाहीत. पण ती दगडावर कोरता येत नाहीत, हेही खरे. माथ्यावरच्या स्तंभावर त्याचे नाव नाही. पोलिशांनी आपल्या मेलेल्यांसाठी आपल्या खर्चाने तो उभारला. त्यांच्यावर रुसण्याचा मला अधिकार नाही. आपण काय उभारले, एवढेच विचारावे.

उतरताना मात्र मला हवे ते सापडले. माथ्याच्या मागच्या अंगाला आल्बानेता नावाचे शेतघर आहे. तिथे एक फुटका पोलिश रणगाडाच स्मारक म्हणून ठेवला आहे, आणि त्याच्यावर रणगाड्याच्या पट्ट्यांचा क्रूस. हा रणगाडा एवढ्या उंचीवर आला कसा? डोंगराच्या मागून खेचरवाट होती. ती फोडून, रुंद करून, रणगाडा चढेल असा रस्ता केला तो मुख्यतः चौथ्या हिंदी डिव्हिजनच्या सॅपर्सनी, न्यूझीलंडच्या इंजिनिअरांच्या मदतीने, फेब्रुवारी-मार्चमध्ये, शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात. त्यांच्या स्वतःच्या लढाईत त्याचा उपयोग झाला नाही. मे महिन्यात पोलिश रणगाडे त्या रस्त्याने वर आले. आम्ही त्या रस्त्याने बरेच खाली चालत गेलो. साधा दगडी रस्ता आहे, अजून वापरता येतो.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला आहे; २०१९ साली वळिवड्यालाही स्मारक झाले, तेव्हा छावणीत वाढलेली काही म्हातारी मुले आली होती. वॉर्सा शहरात कोल्हापूरचे स्मारक आहे आणि कासिनोचेही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान तिथे गेले, तेव्हा एकाच दिवशी दोन्ही ठिकाणी त्यांनी फुले वाहिली. वर्तमानपत्रात ते दोन फोटो शेजारी शेजारी पाहताना मला आजीचा ‘काशीन’ आठवला.

गावाच्या खालच्या अंगाला, सपाटीवर, राष्ट्रकुलाचे युद्धस्मशान आहे. डोंगर तिथून पूर्ण दिसतो. मधल्या बागेत पाण्याच्या हौदाकाठी हिरव्या संगमरवराचे खांब आहेत. इटलीत पडलेल्या आणि ज्यांचे थडगे नाही अशा चार हजारांवर माणसांची नावे त्यांच्यावर आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीखाली आम्ही यशवंत घाडगे हे नाव शोधले. ते कासिनोला पडले नाहीत; दोन महिन्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, उत्तरेला टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा घायाळ झाले, तेव्हा त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर झेप घेतली. बाँब टाकला, गोळ्या संपल्या तेव्हा बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने शेवटचे दोघे लोळवले, आणि तिथेच शत्रूच्या गोळीने ते गेले. वय बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या विधवेला मिळाला. त्या बाजूला मोंतोने नावाचे डोंगरमाथ्याचे गाव आहे. २०२३ साली तिथल्या लोकांनी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारले.

भाचा खांबासमोर वाकून अक्षरे लावत होता. जन्म मुंबईचा, शिक्षण इंग्रजीत.

“मावशी, हे घाडगे कुठले?”

“माणगाव तालुक्यातले. रायगड जिल्हा.”

“म्हणजे गोव्याला जाताना लागते ते माणगाव?”

“तेच. तिथे त्यांचा पुतळा आहे.”

“मी तिथून दहा वेळा गेलोय,” तो म्हणाला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, ते नाव एकदा मोठ्याने वाचले, आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते पाहू लागला.